कळा सोसायच्या की थेट सिझर? बाळंतपणातला राहून गेलेला तिसरा पर्याय

"डॉक्टर, सरळ सिझरच करून घेतलं तर?"

लालबागच्या माझ्या दवाखान्यात आठवा महिना लागलेली एक मुलगी सासूबाईंसोबत सर्दी-खोकल्यासाठी आली होती. औषध लिहून झाले तरी ती उठेना. मग हळूच हा प्रश्न आला. रक्तदाब ठीक, साखर ठीक, सोनोग्राफीत बाळ व्यवस्थित. सिझरचे वैद्यकीय कारण काहीच नव्हते. कारण एकच होते. मोठ्या बहिणीच्या बाळंतपणात ती लेबर रूमबाहेरच्या बाकड्यावर रात्रभर बसली होती आणि आतला आवाज तिच्या कानातून गेला नव्हता.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, आम्ही नाही का सोसलं?"

सोसणे किंवा सिझर, एवढेच दोन मार्ग त्या दोघींपुढे होते. नॉर्मल बाळंतपण होऊ द्यायचे, पण कळांची तीव्रता औषधाने कमी करायची, हा तिसरा मार्ग दोघींनाही ठाऊक नव्हता. दोष त्यांचा नाही. नाव घालायला गेल्यावर रक्त, लघवी, सोनोग्राफी, लोहाच्या गोळ्या सगळे सांगितले जाते. वेदनेबद्दल बहुतेक ठिकाणी कोणी काही बोलत नाही.

मी भूलतज्ज्ञ नाही आणि स्त्रीरोगतज्ज्ञही नाही. पण फॅमिली डॉक्टर म्हणून हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो, म्हणून हा लेख.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात २१.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.४ टक्के होते. देशभरातल्या खासगी रुग्णालयांत ते ४७.४ टक्के, तर सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के होते.

खासगीतल्या या आकड्यामागे अनेक कारणे आहेत. उशिरा होणारी लग्ने, मधुमेह, आधीचे सिझर, कोर्टकचेरीची भीती, वेळेची सोय आणि पैसासुद्धा. सगळा भार कळांच्या भीतीवर टाकता येणार नाही. पण "मला त्रास नको, सिझरच करा" हे वाक्य ऐकले नाही असा प्रसूतितज्ज्ञ मुंबईत सापडणे कठीण. सिझर ही पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे. गरज असेल तेव्हा ती आई आणि बाळ दोघांचा जीव वाचवते. गरज नसताना केली तर रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि पुढच्या गरोदरपणात वार खाली किंवा जुन्या टाक्यांवर चिकटण्याचा धोका उगाच वाढतो. वेदनेवर उपाय म्हणून सिझर करणे म्हणूनच महागात पडते, आणि ती किंमत केवळ पैशातली नसते.

जगात काय चालले आहे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतिकाळातील काळजीबद्दल शिफारशी प्रसिद्ध केल्या. निरोगी गर्भवतीने वेदनाशमन मागितले तर तिच्या पसंतीनुसार एपिड्युरल किंवा फेंटानिल, पेथिडीनसारखी इंजेक्शने द्यावीत, असे त्यांत म्हटले आहे. श्वसन, मालिश, गरम शेक हे उपायही त्या यादीत आहेत.

मे २०२४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने स्कॉटलंडमधला एक मोठा अभ्यास छापला. २००७ ते २०१९ या काळातल्या ५ लाख ६७ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती त्यात तपासली होती. एपिड्युरल घेतलेल्या स्त्रियांमध्ये प्रसूतीशी संबंधित गंभीर गुंतागुंत सुमारे ३५ टक्क्यांनी कमी आढळली. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, त्यामुळे सारे श्रेय त्या औषधाला देता येत नाही. एपिड्युरल असलेल्या स्त्रीवर डॉक्टर-नर्सचे लक्ष अधिक असते आणि तातडीने सिझर करावे लागले तर भुलीची तयारी आधीच झालेली असते, हेही त्यामागे असू शकते. पण वेदनाशमन म्हणजे केवळ चैन, हा समज या अभ्यासानंतर टिकत नाही.

चीनने २०१८ पासून निवडक रुग्णालयांत प्रायोगिक योजना राबवली आणि आता मोठ्या रुग्णालयांना ही सेवा देण्याचे धोरण पुढे नेले आहे. घटत्या जन्मदराची चिंता हे त्यामागचे एक कारण आहे. कारण काहीही असो, कळांचे शमन हा तिथे सरकारी आरोग्यसेवेचा विषय झाला.

एपिड्युरल म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे याला सर्रास 'पेनलेस डिलिव्हरी' म्हणतात. हे नाव थोडे फसवे आहे. वेदना पूर्ण जातेच असे नाही. ती सहन होण्याइतकी कमी करणे हा हेतू असतो.

भूलतज्ज्ञ कमरेच्या खालच्या भागात त्वचा बधिर करून दोन मणक्यांच्या मधून सुई घालतो. मज्जारज्जू त्या जागेच्या वरच संपलेला असतो. सुईतून केसासारखी बारीक नळी मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत ठेवली जाते आणि सुई काढून घेतली जाते. नळीतून बधिर करणारे सौम्य औषध थोडे थोडे सोडले जाते. साधारण पंधरा-वीस मिनिटांत कळांची धार बोथट होते. पोट घट्ट होत असल्याचे कळते, पण ओरडायची वेळ येत नाही. आई जागी असते, बोलते, वेळ आली की जोर देते.

एपिड्युरलशिवाय आणखी दोन उपाय आहेत. एक, दंडात किंवा शिरेतून दिली जाणारी वेदनाशामक इंजेक्शने. ती स्वस्त आणि सोपी आहेत, पण परिणाम मर्यादित असतो. प्रसूतीच्या अगदी जवळ दिल्यास बाळ थोडा वेळ सुस्त राहू शकते. दुसरा, नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजनचे समसमान मिश्रण. कळ येताना बाई स्वतःच मास्क तोंडाशी धरून श्वास घेते. ब्रिटनमध्ये हा गॅस रोजच्या वापरात आहे आणि त्यासाठी भूलतज्ज्ञ उशाशी असावा लागत नाही.

दवाखान्यात ऐकू येणारे समज

*"पाठीत सुई घेतली की कंबर जन्माची जाते."* अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर एपिड्युरलमुळे दीर्घकाळ पाठदुखी वाढल्याचे आढळलेले नाही. सुईच्या जागी काही दिवस दुखते. बाळंतपणानंतरची कंबरदुखी एपिड्युरल न घेतलेल्या बायकांनाही होते. वाकून बाळाला पाजणे, उचलणे आणि सैल झालेले स्नायू ही तिची नेहमीची कारणे आहेत.

*"ती सुई घेतली की शेवटी सिझरच होते."* हाही समज चुकीचा ठरला आहे. सिझरचे प्रमाण त्यामुळे वाढत नाही. जोर देण्याचा टप्पा थोडा लांबू शकतो. जुन्या काळच्या जास्त तीव्रतेच्या औषधांमुळे चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याचे प्रमाण वाढत असे. आजच्या सौम्य मात्रेत तो फरक दिसत नाही.

*"मग तोटा काहीच नाही?"* आहे. रक्तदाब उतरू शकतो, अंगाला खाज किंवा थंडी वाजू शकते, पाय जड होतात, लघवीसाठी नळी लागू शकते, ताप येऊ शकतो. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या माहितीपत्रकानुसार आठातल्या एकीला पुरेसा आराम मिळत नाही, शंभरातल्या एकीला नंतर तीव्र डोकेदुखी होते आणि मज्जातंतूला सहा महिन्यांहून अधिक टिकणारी इजा सुमारे तेरा हजारांत एकीला होते. रक्त गोठण्याची अडचण, प्लेटलेट फार कमी असणे, रक्त पातळ करणारी औषधे किंवा सुईच्या जागी जंतुसंसर्ग असेल तर एपिड्युरल टाळावे लागते.

मग मुंबईत अडते कुठे?

खासगी रुग्णालयांत ही सोय बऱ्याच ठिकाणी मिळते, पण तिचा आकार बहुधा वेगळा लागतो. सरकारी आणि पालिकेच्या व्यवस्थेत मोठ्या रुग्णालयांकडे भूलतज्ज्ञ आणि कौशल्य दोन्ही आहे. मागेल तिला, दिवसा-रात्री कधीही, अशी हमी मात्र नाही.

याचे कारण समजून घ्यायला हवे. सिझरला भूल देऊन भूलतज्ज्ञ तासा-दीड तासात मोकळा होतो. एपिड्युरल दिलेल्या बाईवर मात्र कित्येक तास लक्ष ठेवावे लागते. रक्तदाब, बाळाचे ठोके, औषधाची मात्रा. त्याच वेळी शस्त्रक्रियागृहात अपघाताचा रुग्ण आला तर भूलतज्ज्ञ आधी तिकडे धावणार, आणि धावायलाच हवे.

"आधी सुरक्षित बाळंतपण तरी होऊ दे" हा आक्षेपही खोटा नाही. एप्रिल २०२४ मध्ये भांडुपच्या पालिका प्रसूतिगृहात वीज गेलेली असताना मोबाइलच्या उजेडात सिझेरियन केल्याचा आरोप झाला. बाळ आणि आई दोघेही दगावले. जिथे विजेची खात्री नाही तिथे एपिड्युरलची मागणी कोणी करायची?

पण भूलतज्ज्ञ, मॉनिटर, पुरेशा नर्स आणि चोवीस तास वीज या गोष्टी सुरक्षित बाळंतपणालाही लागतात आणि वेदनाशमनालाही. एकासाठी उभी केलेली व्यवस्था दुसऱ्याच्याही उपयोगी पडते, तेव्हा त्यांना एकमेकांसमोर उभे करण्यात अर्थ नाही.

योजनांमध्येही ही फट दिसते. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि वाहतूक मोफत केली. २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमाने लेबर रूमचा दर्जा, सन्मानाची वागणूक आणि सोबतीला माणूस यांवर भर दिला. ही मोठी पावले आहेत. पण सिझर मोफत मिळण्याचा हक्क जसा स्पष्ट लिहिला आहे, तसा नॉर्मल बाळंतपणात कळा कमी करून मिळण्याचा हक्क लिहिलेला नाही. आणि यादीत नसलेल्या गोष्टीसाठी ना पद मंजूर होते, ना यंत्र.

परळने हे आधी करून दाखवले आहे

परळचे केईएम रुग्णालय आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह, दोन्ही १९२६ मध्ये सुरू झाली. गिरणगावातल्या कामगारांच्या बायकांना सुरक्षित बाळंतपण मिळावे, हा वाडिया प्रसूतिगृहामागचा विचार होता. त्याआधी चाळीतल्या खोलीत, सुईणीच्या हातून बाळंत होणे हाच रिवाज होता.

त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिरजेचे विधेयक चर्चेला आले. परळच्या चाळीत राहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला. त्या काळातही "आम्ही नाही का सोसलं" असे म्हणणारे असणारच. तरी विश्रांती हक्क झाली. कळांपासून आराम हा त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा आहे.

एका दिवसात सर्वत्र एपिड्युरल येणार नाही. पण मोठ्या रुग्णालयांत लेबर रूमसाठी स्वतंत्र भूलतज्ज्ञाची पाळी लावता येईल. लहान प्रसूतिगृहांत प्रशिक्षित नर्सच्या देखरेखीखाली गॅसची सोय करता येईल. सोबतीला बाईमाणूस थांबू देणे, चालू-फिरू देणे, न ओरडता बोलणे, याला तर पैसेही लागत नाहीत. सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना तातडीच्या प्रसूतिसेवेसाठी भूल देण्याचे काही आठवड्यांचे प्रशिक्षण दिलेले आहे. मनुष्यबळ घडवता येते, हे त्यातून दिसलेच आहे.

तुम्ही काय करू शकता?

नाव घालताना किंवा सातव्या महिन्याच्या तपासणीला हे प्रश्न विचारा. कळा सुरू झाल्यावर विचारायला आणि नीट ऐकून घ्यायला कोणाला उसंत नसते.

- नॉर्मल बाळंतपणात वेदना कमी करण्यासाठी तुमच्याकडे कोणती सोय आहे? एपिड्युरल, इंजेक्शन की गॅस?
- भूलतज्ज्ञ रात्री आणि सुट्टीच्या दिवशी हजर असतात की बोलवावे लागतात?
- वेगळा खर्च किती?
- लेबर रूममध्ये सोबत कोण थांबू शकते?

रक्त पातळ करणारी गोळी, मणक्याची जुनी शस्त्रक्रिया, कमी प्लेटलेट किंवा औषधाची ॲलर्जी असेल तर ते आधीच सांगा. एपिड्युरल घ्यायचा नसेल तर तोही तुमचाच निर्णय. न घेता बाळंत होणारी बाई अधिक शूर नसते आणि घेणारी कमकुवत नसते.

त्या मुलीला मी हे सगळे सांगितले आणि वरचे चार प्रश्न औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून दिले. सासूबाईंनी ती चिठ्ठी घेतली, चष्मा लावून वाचली आणि विचारले, "हे आमच्या वेळी का नव्हतं?" मी म्हटले, "होतं काकू, पण तुमच्यापर्यंत पोचलं नव्हतं."

निदान सुनेपर्यंत ते पोचायला हवे. ती कोणत्या रुग्णालयात नाव घालते, यावर ते ठरू नये.