नाव ‘अकूस्टिक’, आवाज कुठे?

वीज गेली तरी गायनाला खर्जाचा आधार असावा, म्हणून अकूस्टिक बेस गिटार घेण्याची सूचना आमच्या गायकवृंदात पुढे आली. हेतू स्तुत्य आहे. परंतु ‘अकूस्टिक’ हा शब्द वाचला की ध्वनिवर्धकाची गरज संपली, ही जी समजूत रूढ झाली आहे, ती मला साफ अमान्य आहे.

साध्या गिटारीची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने देते. बेस गिटारीची त्याच्या निम्मी, ४१. या स्वराची लहर आठ मीटरांहून लांब असते. ती कानापर्यंत पोचवायची, तर वाद्याच्या पोटात भरपूर हवा हलली पाहिजे. शिवाय इतका खालचा स्वर ऐकण्यात आपला कानही मंद. दुकानांतून मिळणारे बहुतेक नमुने मात्र मोठ्या गिटारीएवढ्याच देहाचे असतात. त्यांतून मूळ स्वर क्षीणच उमटतो. वरच्या उपस्वरांवरून कान त्याची कल्पना करून घेतो. एकांतात हे गोड लागते. चार गिटारी, पेटी आणि चाळीस कंठ सुरू झाले की काहीच उरत नाही.

हे समजण्यासाठी फार लांब जावयास नको. मिरजेच्या तंबोऱ्यांसाठी भोपळे आपल्याच जिल्ह्यातील पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून जातात. मर्दानी तंबोऱ्याला मोठा भोपळा लागतो, जनानी तंबोऱ्याला लहान. खर्जाला पोट मोठे हवे, हे आपल्या कारागिरांना कोणी शिकवावे लागले नाही. मेक्सिकोच्या मारियाची वादकांनीही हेच ओळखले. त्यांचा गिटारोन पाठीकडे चांगलाच फुगीर असतो, आणि वादक बहुधा एकच स्वर दोन सप्तकांत दोन तारांवर एकदम छेडतो. अमेरिकेत अर्नी बॉल यांनी १९७२ साली ‘अर्थवुड’ बेस बाजारात आणली, तीही गिटारोनपासून स्फूर्ती घेऊन, अवाढव्य देहाची. पुढे १९८९ साली सुरू झालेल्या ‘अनप्लग्ड’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमामुळे सडपातळ नमुन्यांना लोकप्रियता लाभली. पण तेथेही आवाज श्रोत्यांपर्यंत पोचत होता तो यंत्रांतूनच!

कोणी म्हणतील, “आज घेऊ, पुढे लागलाच तर ध्वनिवर्धक जोडू.” मग साधी विजेवरची बेस गिटार काय वाईट? ती हाताळायला सोपी असते. ज्या कारणासाठी वर्गणी मागितली, ते कारणच विसरायचे असेल, तर वर्गणी तरी का मागावी?

निवड करावयाचीच असेल, तर दुकानदाराला सांगावे की वायर जोडू नका. देह रुंद आणि खोल असलेले वाद्य पाहावे. नक्षी आणि बटणे यांकडे पाहू नये. काशाच्या नव्या तारा अधिक ठसठशीत बोलतात, नायलॉन गुंडाळलेल्या तारा मवाळ. दर्शनी फळी अखंड लाकडाची असेल तर नाद खुलतो, मात्र सोलापूरच्या उन्हाळ्यात ती फाटू नये म्हणून पेटीत जपावी लागते. खरी परीक्षा पुढेच आहे. वादकाने दोन गिटारींसह वाजवावे, आणि आपण वीस पावले दूर उभे राहावे. वादकाच्या कानावर विसंबू नये, कारण वाद्य त्याच्या छातीला टेकलेले असते. वीस पावलांवर खर्ज ओळखू आला नाही, तर पैसे खिशातच ठेवावेत.

उपासनेत वाद्यांना स्थान देताना १९६३ सालच्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक संविधानाने ती पवित्र कार्यास योग्य असावीत, असे म्हटले आहे. जे ऐकूच येत नाही, ते योग्य कसे? त्या पैशांत चार पुरुषांना खर्जाचे गायन शिकवणारा शिक्षक आणता येईल. त्यांच्या कंठांना विजेचे भय नाही, आणि पोटे तर देवाने आधीच मोठी दिली आहेत!