शिडांच्या शर्यतीची खतावणी

लक्ष्मीपूजनाला पेढीवरच्या नव्या वहीवर ‘श्री’ काढतात, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच सुमारास मुंबई बंदरात आणखी एक वही उघडते. तिला हळदकुंकू मात्र कोणी वाहत नाही. पावसाळा सरून दर्या निवला की छोट्या शिडाच्या होड्या पाण्यात उतरतात आणि उन्हाळ्यापर्यंत त्यांच्या शर्यती चालतात. गेटवेच्या कठड्याशी चणे खात उभ्या असलेल्या माणसाला वाटते, पुढे गेली ती जिंकली, झाले! पण वाचकहो, अशा शर्यतीचा निकाल पाण्यावर लागत नाही, वहीत लागतो. आणि ती वही कशी लिहावी यावर क्लबात जितकी डोकी तितकी मते.

आधी शर्यत लावायची कशी ते पाहू. एक मोठी होडी नांगरून तिच्यावर काठी उभी करतात, समोर बोया टाकतात. या दोहोंमधली मनातल्या मनात ताणलेली दोरी ही सुरुवातीची रेघ. सकाळचा मतलई वारा बेभरवशाचा. दुपारी वायव्येकडून समुद्राचा वारा धरला की खरी मौज. पण भरतीओहोटीचे कोष्टक न पाहता वेळ ठरवली, तर वारा पडताच सगळा तांडा बोया सोडून ओहोटीबरोबर बंदराच्या तोंडाकडे निघतो!

सुटण्याआधी पाच मिनिटे पहिले निशाण चढते, चार मिनिटे राहता दुसरे. शेवटचे मिनिट उरले की दुसरे उतरते आणि शून्यावर पहिले. भोंगाही वाजतो, पण प्रमाण निशाणाचे, आवाजाचे नाही. भोंगा ऐनवेळी घसा धरतो, हे सर्व देशांच्या नियमकर्त्यांना माहीत असावे. कोणी आगाऊपणे रेघ ओलांडली तर पांढऱ्यावर निळी फुली असलेले निशाण वर जाते आणि त्या शहाण्याला परत फिरावे लागते.

नांगरलेल्या होडीवर तीन माणसे तरी हवीत. एकाचा डोळा रेघेवर, एकाचा घड्याळावर, तिसऱ्याचा हात कागदावर. शेवटी पाचसहा होड्या एकदम आल्या तर आधी शिडांवरचे आकडे क्रमाने लिहावेत, वेळ मागाहून. वेळ अंदाजाने सावरता येते, क्रम एकदा निसटला की निसटला.

या खेळात बहुधा पंच पाण्यावर नसतोच. उजवीकडून वारा घेणाऱ्या होडीला डावीकडून घेणारीने वाट द्यायची, हा पहिला धडा. ज्याने वाट अडवली त्याने आपणहून होडी दोनदा गोल फिरवायची. बोयाला धक्का लागला तर एकदा. कोणी पाहिले नसले तरी! वाद उरलाच तर संध्याकाळी टेबलावर काड्यापेट्या मांडून कोणाची होडी कुठे होती याची सुनावणी होते.

आता हिशेब. होड्या निरनिराळ्या जातींच्या असल्या तर प्रत्येक जातीला एक आकडा देतात. इंग्लंडातली पोर्ट्समथच्या नावाची पद्धत प्रसिद्ध आहे. लागलेल्या वेळेला हजाराने गुणून त्या आकड्याने भागायचे. समजा, एका तरुणाच्या चपळ होडीचा आकडा ११०० आणि एका मुलीच्या ‘ऑप्टिमिस्ट’चा, म्हणजे मुलांच्या त्या बोथट नाकाच्या होडीचा, १६४०. तरुणाला ५५ मिनिटे लागली, मुलीला ८०. भागाकार केल्यावर त्याची वेळ भरते ५० मिनिटे आणि तिची ४९ हून थोडी कमी. तरुण कपडे बदलून चहा पिऊन बसलेला असतो, तेव्हा पहिला नंबर मागून येतो.

मोसमाचा हिशेब याहून नाजूक. पहिल्याला १ गुण, दुसऱ्याला २, ज्याचे गुण कमी तो वर. शर्यत पुरी न करणाऱ्याला नोंदलेल्या होड्यांहून एक जास्त. १२ होड्या असतील तर १३. मात्र प्रत्येकाची सर्वांत वाईट शर्यत खोडून टाकतात. सहा शर्यतींत एकाचे गुण १, १, २, १, १३, ३ आणि दुसऱ्याचे २, २, १, २, २, १ असे पडले. खोडाखोड झाल्यावर दोघांचे आठ आठ! मग उरलेले गुण चांगल्यापासून वाईटापर्यंत मांडतात: १, १, १, २, ३ आणि १, १, २, २, २. तिसऱ्या घरात फरक पडतो आणि चषक पहिल्याकडे जातो.

दुसऱ्याच्या घरची मंडळी म्हणणार, आमचा बिचारा एकदाही दोनच्या खाली गेला नाही! त्यांचे अगदीच चूक नाही. एक शर्यत खोडावी, कारण दोर तुटतो, मूल आजारी पडते. पण तीनतीन खोडू लागलात तर नेमाने येणाऱ्याला किंमत उरत नाही, असे माझे मत. लांब मोसमासाठी नियमांत एक चांगली सोय आहे, ती क्लबाला आधी जाहीर करून घेता येते. सातच होड्या पाण्यावर आल्या, तर तिथे येऊन अर्ध्यात सोडणाऱ्याला ८ आणि घरी झोपलेल्याला १३. काय खोडायचे, किती खोडायचे, हे मात्र मोसमाच्या आधी छापून लावावे. चषक कोणाकडे झुकतो आहे ते दिसल्यावर नियम ठरवू लागलात तर क्लब फुटलाच म्हणून समजा.

आणि काही ओळी गुणाकार-भागाकाराने लिहिता येत नाहीत. २४ सप्टेंबर १९८८ रोजी, सोल ऑलिंपिकच्या शिडाच्या शर्यती कोरियात पुसानला चालू असता, कॅनडाचा लॉरेन्स लेम्यू दुसऱ्या क्रमांकावर होता. सोसाट्याचा वारा, उसळलेला समुद्र. जवळच दुसऱ्या शर्यतीतली सिंगापूरची होडी उलटली होती, दोघे जण पाण्यात. लेम्यूने शर्यत सोडून त्यांना वाचवले, मदतीची होडी येईपर्यंत सांभाळले आणि मग पुन्हा शीड भरले. तोवर बरेच जण पुढे गेले होते. पंचमंडळाने त्या शर्यतीपुरता त्याला दुसरा क्रमांक दिला. एकंदरीत तो अकरावा आला, पदक हुकले. ऑलिंपिक समितीने मात्र कुबेर्तँच्या नावाचे खास पदक देऊन त्याचा गौरव केला.

संकटातल्याला मदत करणे हा या खेळाच्या नियमावलीतला पहिलाच नियम आहे, आणि तो रविवारच्या शर्यतीलाही लागू आहे. उलटलेल्या होडीतल्या पोराला ओढून घ्यायला कोणी थांबला, तर त्याची दाद ऐकून बहुधा त्याच्या इतर शर्यतींची सरासरी त्या घरात लिहितात. हिशेबनिसाने त्या आकड्यापुढे शेरा मारून ठेवावा. मार्चमध्ये बेरीज करताना हा ३.४ कुठून आला, असे कोणीतरी विचारतेच.