पासवर्ड सांग ना यार!

हॉस्टेलची रूम असो, कॉलेजची कँटीन असो, नाहीतर सबमिशनच्या आदल्या रात्रीचं जागरण, एक वाक्य हमखास कानावर पडतं: 'ए, तुझ्या लॅपटॉपचा पासवर्ड सांग ना!' सांगितला तर तुम्ही दिलदार. नाही सांगितला तर 'एवढं काय लपवायचंय?' हा टोमणा ठरलेला. माझं म्हणणं सरळ आहे. लॅपटॉप खुशाल द्या, पासवर्ड देऊ नका. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या लॅपटॉपमध्ये नेमकं काय असतं, आठवून बघा. आधार-पॅनचे स्कॅन, स्कॉलरशिपचे फॉर्म, कायम लॉग-इन असलेलं मेल, व्हॉट्सॲप वेब, ब्राउझरने लक्षात ठेवलेले डझनभर पासवर्ड. यातलं सगळं आपलंही नसतं. एखाद्या मैत्रिणीने रात्री दोन वाजता विश्वासाने पाठवलेले मेसेज तिचेही असतात. पासवर्ड वाटताना आपण तिला न विचारता तिचं बोलणंही वाटून टाकतो.

गंमत म्हणजे कॉम्प्युटरवर पासवर्ड आला तोच मुळात शेअरिंगमुळे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या टीमने एकच मशीन अनेकांना वापरता येईल अशी सिस्टिम उभी केली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला पासवर्ड मिळाला. आणि तो फोडला कोणी? एका विद्यार्थ्याने! ॲलन शेर या पीएचडी करणाऱ्या तरुणाला आठवड्याचे चार तास पुरत नव्हते. १९६२मध्ये त्याने सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच प्रिंट करून घेतली.

म्हणजे मशीन एक, माणसं अनेक, हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तरही जुनंच आहे: प्रत्येकाला वेगळं अकाउंट. घरात भावंडांमध्ये एकच लॅपटॉप असेल किंवा रूममेटला रोज लागत असेल, तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स'मध्ये जाऊन दुसरं, 'स्टँडर्ड' प्रकारचं अकाउंट काढून द्या. पाच मिनिटांचं काम आहे. त्याचा डेस्कटॉप वेगळा, ब्राउझर वेगळा. मात्र ॲडमिन अकाउंट ज्याच्या हातात, त्याला बाकीच्यांच्या फायलीही उघडता येतात. त्यामुळे ॲडमिन कोण, हे घरात आधीच बोलून घ्या.

स्वतःसाठी पिन ठेवा. चार-सहा आकडे म्हणजे कच्चं काम वाटतं, पण पिन फक्त त्याच लॅपटॉपवर चालतो. मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा पासवर्ड कोणी पाहिला तर तो दुसऱ्या कॉम्प्युटरवरूनही तुमच्या मेल आणि क्लाउडच्या दारात उभा राहू शकतो. फक्त पिन पाहिलेल्याला ते जमत नाही. फिंगरप्रिंट सोयीचं आहे, फक्त गाढ झोपणाऱ्यांनी रूममेट कसे आहेत ते बघून ठरवावं! आणि चहाला उठताना विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबा. स्क्रीन लॉक. कुठलाही भारी पासवर्ड उघड्या ठेवलेल्या स्क्रीनला वाचवत नाही.

आता खरी मेख. लॉग-इनचा पासवर्ड फक्त दार अडवतो. लॅपटॉप चोरीला गेला आणि कोणी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली, तर पासवर्ड न विचारता फायली दिसू शकतात. बायोसला पासवर्ड लावला तरी काढलेल्या डिस्कला तो सहसा आडवा येत नाही. त्यावर उपाय एन्क्रिप्शन. विंडोजच्या होम आवृत्तीत बऱ्याच नव्या लॅपटॉपवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' मिळतं, प्रो आवृत्तीत बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट. लिनक्स वापरत असाल तर इन्स्टॉल करतानाच तो पर्याय निवडा. बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की मात्र लॅपटॉपबाहेर, कागदावर उतरवून ठेवा. ती गेली आणि लॅपटॉपने मागितली, तर प्रोजेक्टही गेलं समजा.

हे सगळं तांत्रिक झालं. अवघड भाग वेगळाच आहे, तो म्हणजे 'नाही' म्हणणं. 'माझ्यावर विश्वास नाही का?' असं बॉयफ्रेंडने, गर्लफ्रेंडने किंवा आईबाबांनी विचारलं की आपण गडबडतो. विशेषतः मुलींना हा प्रश्न जरा जास्तच विचारला जातो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. तो खटला सरकारविरुद्धचा होता, आपल्या हॉस्टेलचा नव्हे. पण जे सरकारलाही सहज मागता येत नाही, ते प्रेमाच्या नावाखाली कोणीही मागावं, हे काही पटत नाही.

विश्वास असतो म्हणूनच आपण लॅपटॉप हातात देतो. वेगळं अकाउंट काढून दिल्यावर काम अडलेला मित्र 'थँक्स' म्हणतो आणि कामाला लागतो. त्यानंतरही कोणी 'नाही, मला तुझाच पासवर्ड हवा' म्हणत असेल, तर त्याला लॅपटॉप नकोच होता. त्याला काय हवं होतं, ते त्यालाच विचारा.