डोंगरी सायकल : मापाची आणि बिनमापाची

सायकल ही वस्तु एकत्र कुटुंबांत बहुधा सामायिकच असते. थोरल्यासाठीं घेतलेली मधल्याकडे येते आणि मधल्याकडून धाकट्याकडे जाते; प्रत्येक वेळीं फेरफार होतो तो एवढाच कीं, बैठक चार बोटें खालीं अगर वर केली जाते. सपाट रस्त्यावर हा व्यवहार कसाबसा निभावतो. परंतु डोंगरी सायकलीच्या बाबतींत तो निभावत नाहीं. उतारावर तर तो हातपाय मोडण्यापर्यंत जातो. कारण उघड आहे. बैठक वरखालीं करतां येते, सांगाडा लांब-आंखूड करतां येत नाहीं.

या सायकलीचा उगम अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत, माउंट टॅमलपायसच्या परिसरांत झाला. १९७६ सालीं तेथील हौशी तरुणांनीं जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन उतारावरील शर्यती सुरू केल्या. मागच्या चाकांतील ब्रेकचें वंगण तापून जळे व पुन्हां भरावें लागे, म्हणून त्या शर्यतीस ‘रीपॅक’ असें नांव पडलें. १९७७ सालीं जो ब्रीझ यानें खास याच कामासाठीं सांगाडा बांधला.

पुढें १९९० च्या सुमारास या सायकली शर्यतीच्या रस्त्यावरील सायकलींच्या वळणावर गेल्या. पुढच्या चिमट्याची नळी जमिनीशीं सुमारें ७१ अंशांचा कोन करी, आणि हँडलाचा जोडदांडा १२० मिलिमीटर अगर त्याहूनही लांब असे. स्वाराची छाती पुढच्या चाकावर झुके. चढावर हें सोयीचें. पण उतारावर चाक दगडास अडलें कीं स्वार हँडलावरून पुढें फेंकला जाई. १९९८ च्या सुमारास गॅरी फिशर यानें सांगाडा लांब व जोडदांडा आंखूड केला. आज हा कोन बहुधा ६४ ते ६६ अंश व जोडदांडा ३५ ते ५० मिलिमीटर असतो. चाक हातांच्या बरेंच पुढें राहतें आणि स्वाराचा भार दोन्ही चाकांच्या मध्यें पडतो. मात्र अशी सायकल सावकाश चालवितांना व अरुंद वळणावर थोडी जड वाटते.

बैठकीची नळीही मागें कललेली असते. म्हणून बैठक जितकी वर घ्यावी तितकी ती मागेंही सरते. त्यामुळें चढावर उंच माणसाचा भार मागच्या चाकावर जातो व पुढचें चाक उचललें जातें. हा दोष टाळण्यासाठीं आतां ती नळी ७६ ते ७८ अंशांपर्यंत उभी ठेवूं लागले आहेत.

आतां मुख्य माप. पायडलांच्या आंसावरून एक उभी रेघ कल्पावी. तिच्यापासून हँडलाच्या नळीच्या माथ्यापर्यंतचें आडवें अंतर तें ‘रीच’, व आंसापासून त्या माथ्याची उंची ती ‘स्टॅक’. उतारावर स्वार बैठकीवर नसतो; तो पायडलांवर उभा असतो. तेव्हां बैठक खालीं केल्यानें किंवा पुढें सरकविल्यानें हें अंतर रेसभरही घटत नाहीं. उलट बैठक पुढें घेतल्यास पायडलावरील गुडघ्याची जागा मात्र बिघडते. सायकल फार लांब असली कीं कोपरें ताणलीं जातात, धक्के सरळ खांद्यांत जातात आणि अंग मागें नेण्यास वाव उरत नाहीं.

यास्तव सायकल घेतांना एवढें पाहावें. बैठकीवर बसून टांच खालच्या पायडलावर ठेवली असतां पाय सरळ व्हावा. पायडलांवर उभें राहिल्यावर कोपरें सहज वांकलेलीं असावींत. सायकल दोन पायांमध्यें घेऊन उभें राहिल्यास वरच्या नळीपासून थोडी मोकळी जागा राहावी. सारख्याच उंचीच्या दोन भावांत एकाचे पाय लांब व दुसऱ्याचें धड लांब असूं शकतें; म्हणून केवळ उंचीवर भिस्त ठेवूं नये.

मुलाच्या वाढत्या अंगास सदरा एक माप मोठा घेणें हा काटकसरीचा जुना शिरस्ता आहे, व तो योग्यच आहे. तोच नियम डोंगरी सायकलीस लावूं नये. धाकट्यास ती मोठी होत असेल, तर दोन वर्षें थांबावें, किंवा त्याच्या मापाची जुनी सायकल शोधावी. काटकसर त्यांतही साधते, आणि मूल सुखरूप घरीं येतें.