सूत आधी शिक्षकाच्या हातात

मालेगावातल्या एका बालवाडीच्या पालकसभेत मी सुचवले, की पाच वर्षांच्या मुलांना थोडे विणायला शिकवू या. एक आई उठून म्हणाली, "आपा, सूत तर आमच्या घरात रात्रंदिवस आहेच. त्यातून पोरगी सुटावी म्हणून तर तिला इथे पाठवते." मला उत्तर सुचले नाही. या आईला उत्तर देता येत नसेल, तर बालशिक्षणात हस्तकला आणण्याच्या गोष्टी आपण करू नयेत, असे मला तेव्हापासून वाटते.

नाशिक जिल्ह्यात सुताची दोन गावे आहेत. येवल्यात हातमागावर पैठणी विणली जाते. साळी, कोष्टी, खत्री, मोमीन अशा अनेक समाजांचे हात या कामाला लागले आहेत. मालेगावात 1857 नंतर उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांनी हातमाग आणले आणि पुढे त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली. येवल्याच्या विणकाराला आपण कलावंत म्हणतो, मालेगावच्या विणकराला मजूर. दोन्हीकडे घरातल्या बायका कांड्या भरतात आणि त्याला कुणी कामही म्हणत नाही. मुलांना सूत शिकवायचे म्हणजे हा सगळा इतिहास वर्गात येणारच.

त्या आईची भीती जुनी आहे आणि खरीही आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. तिचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन होते. मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च निघावा, असाही विचार त्या कल्पनेत होता. कमाईवर भर दिला तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याच्या मागे लागतील आणि शिक्षण बाजूला राहील, हा धोका समितीच्या अहवालानेच नोंदवला आहे. आज तो धोका संपलेला नाही. 2016 च्या दुरुस्तीनंतरही बालकामगार कायदा शाळेच्या वेळेबाहेर मुलांना घरच्या धंद्यात मदत करू देतो. गरिबाच्या घरात मदत कुठे संपते आणि मजुरी कुठे सुरू होते, हे कोण मोजणार?

म्हणून पहिली अट अशी, की मुलाने केलेली वस्तू विकायची नाही, ती प्रदर्शनासाठी बाईंनी नीटनेटकी करायची नाही आणि कुणाच्या मागणीप्रमाणे मुलाने ती पुरी करायची नाही. अर्धवट राहिली तरी ती त्याची. मजुरीत माल महत्त्वाचा असतो, शिक्षणात मूल.

दुसरी अट आपल्या, म्हणजे शिकवणाऱ्यांच्या, गळ्यात पडते. आधी आपण शिकायचे. मी चाळिशीत शिकले. पुठ्ठ्याच्या दोन टोकांना खाचा पाडल्या, त्यात उभा दोरा ताणला आणि जुन्या ओढणीच्या चिंध्या एक वर, एक खाली अशा घालत गेले. दोरा इतका ताणला होता, की पुठ्ठाच वाकला. दुसऱ्या दिवशी काठ आत ओढले गेले आणि पट्टीला मधेच कंबर आली. शेजारच्या विणकर खालांनी एकच गोष्ट सांगितली : आडवा दोरा सरळ ओढू नको, कमानीसारखा सैल ठेव आणि मग खाली दाब. कितीतरी वेळा उसवल्यावर ते माझ्या हाताला कळले. आता एखाद्या मुलाची पट्टी अरुंद होऊ लागली, की मी "नीट कर" म्हणत नाही. त्याचा हात कुठे घट्ट होतोय ते मला दिसते. व्हिडिओ पाहून हे मला आले नसते.

मुलांना यातून काय मिळते? चार वर्षांची दोन मुले दोऱ्याची दोन टोके धरून उलट दिशांना पीळ देतात. मग दोरा मधे दुमडला, की तो आपोआप एकमेकांत गुंडाळून दोरी होते. एकाने सोडले तर सगळे उलगडते, म्हणून दोघांना एकमेकांकडे लक्ष द्यावे लागते. विणताना सम-विषम पाठ न करता कळते. चूक दिसते आणि उसवून दुरुस्तही करता येते. पाटीवरच्या चुकीला मार मिळतो, विणीतल्या चुकीला पुन्हा संधी मिळते.

हे महागही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा विकतच्या साधनांऐवजी परिसरात मिळणाऱ्या वस्तू वापरल्या. आपल्याकडे तर चिंध्यांना तोटा नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची सोय सुचवली आहे. चांगलेच आहे, पण बोटांना त्याच्या कितीतरी आधी भूक लागते.

तिसरी अट : मुलगे आणि मुली दोघेही विणतील. मागावर बसणारे बहुतेक पुरुषच असतात, तरी वर्गात दोरा मुलींच्या हाती आणि चेंडू मुलांच्या हाती दिला जातो.

शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अंगणवाडी सेविका आणि बालवाडीच्या शिक्षिकांना शिकवायला विणकर बोलवावेत, कांड्या भरणाऱ्या बायका बोलवाव्यात, आणि व्याख्यात्याला देतो तसे मानधन त्यांनाही द्यावे. आभार आणि नारळ पुरेसा नाही.

त्या आईला आज मी म्हणेन : तुमची मुलगी सुतातून सुटावी, हे मलाही हवे आहे. पण तिला तुमच्या कामाची लाज वाटून सुटायला नको. तुम्ही एक दिवस वर्गात या आणि मला शिकवा. तुमची मुलगी समोर बसून पाहील, की आपाला जे येत नाही ते अम्मीला येते.