ब्रेकमध्ये स्मरणरंजन नको

ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची 'प्रीमियर पद्मिनी' टॅक्सी निवृत्त झाली. टॅक्सीसाठी ठरलेली वीस वर्षांची मर्यादा संपली, एवढेच त्यामागचे कारण. त्या निमित्ताने जे लेखन वाचनात आले त्यात काळा-पिवळा रंग होता, पावसाळी संध्याकाळी होत्या, चालकांच्या आठवणी होत्या. ब्रेक मात्र कुठेही नव्हता. जुन्या वस्तूंविषयीच्या आपल्या लेखनाचा हा स्वभावच म्हणावा लागेल. वस्तू कशी दिसायची, कशी आठवते, हे आपण तन्मयतेने सांगतो. ती चालते कशी आणि विशेषतः थांबते कशी, हा विषय मिस्त्रीवर सोपवून मोकळे होतो. प्रस्तुत लेख या सोपवून दिलेल्या विषयासंबंधी आहे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० या इटालियन गाडीची भारतीय आवृत्ती तयार होत असे. तिलाच १९७४पासून 'पद्मिनी' हे नाव मिळाले. या जातीची एक गाडी नायगावात आमच्या घरी बरीच वर्षे उभी होती. ती घरच्या घरी पुन्हा चालती करावी असे ठरले, तेव्हा आप्तेष्टांची एकमुखी सूचना आली : "सगळं ओरिजिनल ठेवा." साहित्याच्या माणसाला हा आग्रह परिचयाचा वाटावा असाच आहे, आणि म्हणूनच तो तपासून घ्यायला हवा.

मराठीत या आग्रहाची परंपरा थोर आहे. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मागाहून शिरलेले पाठ दूर करून मूळ पाठाकडे जाणे हे त्यांचे प्रयोजन होते. नायगावहून देगलूरकडे गेले की होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे लागतात. तिथला कोरीव दगड काढून नवा बसवला, तर मंदिर उभे राहील, पण साक्ष नष्ट होईल. पोथी आणि मंदिर या साक्षीच्या वस्तू आहेत. त्यांचे मूल्य त्यांच्या मूळ द्रव्यात किंवा मूळ शब्दांत असते. जीर्णोद्धार हा आपला शब्द याच अनुभवातून अर्थ घेऊन येतो, आणि गाडीच्या बाबतीतही आपण नकळत तोच अर्थ लावतो.

गाडीच्या पत्र्याला, डॅशबोर्डला, स्टीअरिंगच्या चाकाला हा अर्थ लागू पडतो, हे मान्यच आहे. ब्रेकला तो लागू पडत नाही. पायाखालचे पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील द्रवावर दाब येतो. तो दाब बारीक नळ्यांमधून चारही चाकांपर्यंत जातो. चाकातील छोटे सिलिंडर ब्रेकशू फाकवतात आणि त्यांवरचे लायनर फिरत्या ड्रमला आतून घासते. या सगळ्या साखळीत दाब राखून धरण्याचे काम करतात रबराच्या लहानशा वाट्या. गाडी दहा-पंधरा वर्षे उभी राहिली की या वाट्यांच्या कडा कडक होतात, सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडतात, रबरी नळ्या बाहेरून धडधाकट दिसतात आणि आतून सुजून बुजतात. त्या काळच्या अनेक गाड्यांत चारही चाकांना मिळून एकच परिपथ असे. एक वाटी फुटली की चारही ब्रेक गेले. अशा वाटीला 'मूळची आहे' म्हणून जपणे ही निष्ठा नव्हे, बेजबाबदारी आहे. तिचे मूल्य फक्त तिच्या कामात आहे, आणि ते काम तिच्याने होत नसेल तर तिच्या वयाला काही अर्थ उरत नाही.

नांदेडहून नायगाव-नरसीमार्गे देगलूरकडे जाणारा रस्ता ज्यांनी गळिताच्या हंगामात पाहिला आहे, त्यांना हे अधिक सांगायला नको. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, बैलगाड्या, शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडणारी मुले : या सर्वांनी आपल्या स्मरणरंजनाची किंमत का मोजावी? पोथीतील चुकीचा पाठ अभ्यासकाची दिशाभूल करतो. ब्रेकमधील चूक ज्याने पोथी पाहिलेलीही नाही त्याच्या अंगावर जाते.

इथे भाषेचाही एक प्रश्न आहे, आणि तो भाषेच्या अभ्यासकांनी मनावर घ्यावा असा आहे. ब्रेकमधल्या द्रवाला आपल्याकडे सर्रास 'ब्रेक ऑइल' म्हणतात. वस्तुतः ते तेल नाही. सर्वसाधारण वापरातला हा द्रव ग्लायकॉल जातीचा असतो, आणि त्याच्यासाठी बनवलेले रबर खनिज तेलाच्या संपर्कात आले की फुगते आणि निकामी होते. कोणी नावावर विश्वास ठेवून त्यात इंजिनचे ऑइल ओतले, किंवा रबरी भाग डिझेलने धुतले, तर ब्रेक काही दिवसांतच धोका देऊ शकतात. आणखी एक गोष्ट अशी की, हा द्रव हवेतील पाणी शोषून घेतो. 'डॉट ३' प्रतीचा कोरा द्रव किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये अशी अपेक्षा असते. पुरेसे पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात सतत ब्रेक लावून तो तापला की त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ तळाला टेकते. म्हणजे द्रव 'शिल्लक आहे' हे पुरेसे नाही. तो ताजा असावा लागतो. चुकीच्या संज्ञेने केवळ संकल्पना धूसर होते असे आपण वर्गात शिकवतो. इथे तिने जीवही जाऊ शकतो.

इंधनाच्या बाबतीत 'मूळ' हा शब्द आणखीच पोकळ ठरतो, कारण तिथे मूळ इंधनच आता उपलब्ध नाही. पद्मिनीच्या काळातील पेट्रोलमध्ये शिसे असे. फेब्रुवारी २०००पासून शिसेयुक्त पेट्रोलची विक्री देशभर थांबली. पुढे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जाऊ लागले. त्याचे प्रमाण २०२२मध्ये दहा टक्क्यांवर आणि २०२५मध्ये वीस टक्क्यांवर गेले. या इथेनॉलचा मोठा वाटा उसापासून येतो, आणि ऊस आमच्या शिवारातलाच आहे. पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या मराठवाड्यात पिकणारा ऊस आमच्याच गाडीच्या जुन्या रबरी नळ्या कुरतडतो, ही विसंगती एखाद्या ग्रामीण कथेला शोभावी अशी आहे. पण तिच्यावर चडफडून नळी टिकत नाही.

इथेनॉल पाणी ओढते. उभ्या गाडीच्या टाकीत ते पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते आणि टाकी आतून गंजते. टाकीत वर्षानुवर्षे चिकटलेला गाळ ते सुटा करते. तो कार्बोरेटरच्या केसाएवढ्या बारीक छिद्रांत, म्हणजे जेटमध्ये, जाऊन अडकतो. पेट्रोल पंपातील पातळ पडदा जुन्या रबराचा असेल तर तो ताठरतो किंवा सुजतो, आणि फाटला तर पेट्रोल तापलेल्या इंजिनच्या शेजारी गळू लागते. म्हणून टाकी उतरवून साफ करणे, नळ्या आणि पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे बसवणे, गाळणी नवी घालणे, हे सर्व ओघानेच आले. नव्या गाडीतील संगणक मिश्रणाचे प्रमाण आपोआप सांभाळतो. कार्बोरेटरला ती सोय नाही, त्यामुळे जेटचे मापही पुन्हा पाहावे लागते. जुन्या गाड्यांसाठी कमी इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर मिळावे, ही मागणी मला रास्त वाटते. तशा आशयाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५मध्ये फेटाळली. मागणी करत राहावे; नळी मात्र आजच बदलावी.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. एवढे सगळे बदलले तर जुनी गाडी उरली कुठे? या प्रश्नाचे एक अनपेक्षित उत्तर कायद्यात सापडते. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून नोंदवण्याचे नियम केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये केले. त्यांत मूळपणाची कसोटी सांगाडा, बाह्य शरीर आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी आहे. रबराच्या वाट्या, नळ्या, द्रव यांची तिथे दखल नाही. सरकारी भाषेला क्वचितच लाभणारा विवेक इथे दिसतो. जे झिजण्यासाठीच घडवले गेले, ते झिजल्यावर बदलणे हाच त्या मूळ रचनेचा आशय होता. त्या अर्थाने नवी वाटी घातलेली गाडी जुन्या वाटीच्या गाडीपेक्षा अधिक अस्सल ठरते.

तथापि पाठचिकित्सेची एक शिस्त मी इथे आवर्जून मागेन, आणि ती म्हणजे टीप. चांगला संपादक पाठ स्वीकारतो, पण नाकारलेला पाठ तळटीपेत ठेवतो. गाडीतून काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवावा. काय बदलले, कधी, कोणत्या मापाचे, कोणत्या प्रतीचा द्रव घातला, हे वहीत लिहावे. उद्या ती गाडी ज्याच्या हाती जाईल त्याला ती वाचता आली पाहिजे. आपल्याकडे कारागिरीचे ज्ञान उस्तादाच्या हातात राहते आणि त्याच्याबरोबर जाते. लिहिणारी माणसे या कामात उतरली तर निदान एवढी भर त्यांनी घालावी.

राहता राहिला घरी करण्याचा प्रश्न. उघडणे, साफ करणे, समजून घेणे हे घरी अवश्य करावे. गाडी जॅकवर न ठेवता भक्कम घोडीवर ठेवावी. ड्रममधील धूळ फुंकू नये, कारण जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, ती ओल्या फडक्याने टिपावी. पेट्रोलचे काम उघड्यावर, विस्तवापासून दूर करावे. पण ब्रेकमधील हवा काढणे हे एकट्याचे काम नव्हेच. एकाने पेडलवर बसावे लागते, दुसऱ्याने चाकापाशी. "दाबा सर... धरून ठेवा... आता सोडा," असे मिस्त्री खालून सांगतो आणि प्राध्यापकाला निमूट ऐकावे लागते. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून चारही चाके होईपर्यंत हा संवाद चालतो. शेवटी पेडल दगडासारखे घट्ट लागले, तरी रस्त्यावर नेण्यापूर्वी गाडी जाणत्या मिस्त्रीला तपासू द्यावी, हे माझे ठाम मत आहे. आपले लेखन छापण्याआधी आपण दुसऱ्या डोळ्यांखालून घालतोच की. तिथे चुकले तर शुद्धिपत्र काढता येते.