जुन्या जीपची ट्रान्सफर केस आणि भंगाराचे अर्थशास्त्र

सह्याद्रीच्या एखाद्या डोंगरी तालुक्यात तीस-चाळीस वर्षे राबलेल्या जीपची ट्रान्सफर केस निकामी झाली, म्हणजे मालकापुढे तीनच मार्ग उरतात. नवा भाग विकत घ्यावा, मोडीत गेलेल्या दुसऱ्या जीपचा जुना भाग आणून बसवावा, किंवा गाडीच भंगारात घालावी. पहिला मार्ग बहुतेकदा नावापुरता असतो, कारण मॉडेल बंद पडले की कालांतराने त्याचे सुटे भागही कंपनीच्या यादीतून नाहीसे होऊ लागतात. तिसरा मार्ग सरकारने २०२१ पासून प्रतिष्ठेचा केला आहे. दुसऱ्या मार्गाने जाणारा माणूस आणि त्याचे काम करून देणारा मिस्त्री हे दोघे मात्र कोणाच्याच हिशेबात नाहीत. परिवहन खात्याला ते संशयास्पद वाटतात, मोटारधंद्याला अडचणीचे वाटतात, आणि अर्थसंकल्पावर बोलणाऱ्या पंडितांना ते दिसतच नाहीत. अर्थशास्त्राच्या कसोटीवर मात्र तिन्ही मार्गांत तोच मार्ग सर्वांत शहाणपणाचा आहे.

ट्रान्सफर केस म्हणजे गिअरपेटीच्या पाठीशी जोडलेली दुसरी लहान पेटी. इंजिनाची शक्ती गिअरपेटीतून तिच्यात येते आणि तेथून पुढच्या व मागच्या अशा दोन्ही चाकजोड्यांकडे वाटली जाते. चालकाच्या हाताशी असलेल्या दोन दांड्यांपैकी एक पुढची चाके जोडते व सोडते, दुसरी वेग कमी करून ओढ वाढवते. चिखलात रुतलेली किंवा घाटातल्या कच्च्या चढणीवर अडलेली गाडी बाहेर पडते ती या पेटीच्या बळावर. ती काढली तर जीप ही एक गैरसोयीची मोटारगाडी उरते.

या पेटीचा इतिहास आपल्या देशाशी जवळून जोडलेला आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत १९४१ पासून ज्या लष्करी जीपगाड्या बनल्या, त्यांत स्पायसर कंपनीची ‘मॉडेल १८’ या नावाची ट्रान्सफर केस होती. युद्ध संपल्यावर विलिस कंपनीने नागरी वापरासाठी जीप काढली, तिच्यातही थोड्याफार फरकाने तीच राहिली. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत विलिसच्या जीपची जुळणी सुरू केली. सी.जे. ३ बी हे मॉडेल अमेरिकेत १९५३ ते १९६८ एवढेच बनले. भारतात त्याची वंशावळ त्यानंतरही कित्येक वर्षे चालू राहिली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप हे खेड्यातल्या माणसाला दिसणारे सरकारचे पहिले रूप ठरले. त्या जीपमागे उडणाऱ्या धुळीवर समाजवाद्यांनी त्या काळी पुष्कळ टीका केली आणि ती योग्यच होती. पण पुढे त्याच गाड्या लिलावात निघाल्या, शेतकऱ्यांच्या, लहान ठेकेदारांच्या हाती आल्या आणि आणखी वीस-पंचवीस वर्षे माल व माणसे वाहत राहिल्या. ही दुसरी कारकीर्द कोणत्याही पंचवार्षिक योजनेच्या अहवालात नाही.

ती कारकीर्द शक्य झाली ती मिस्त्र्यांमुळे. जुनी ट्रान्सफर केस बदलणे हे नट-बोल्ट फिरवण्याइतके सोपे काम आहे, असा सुशिक्षितांचा समज असतो. वस्तुतः एकाच नावाच्या पेट्या एकसारख्या नसतात. मधला दंतचक्र ज्या शाफ्टवर फिरतो, तो सुरुवातीच्या पेट्यांत पाऊण इंच जाडीचा होता. पुढे तो एक पूर्णांक एक अष्टमांश इंच झाला आणि नंतर सव्वा इंच. गिअरपेटीच्या शाफ्टवर बसणाऱ्या चक्राला कधी सहा खाचा असतात, कधी दहा. युद्धकाळातील लष्करी पेटीत ओढ १.९७ पट वाढते, नंतरच्या नागरी पेटीत सुमारे २.४६ पट. म्हणजे लष्करी लिलावातली दणकट दिसणारी पेटी स्वस्तात मिळाली म्हणून कोणी नागरी जीपला बसवली, तर भरलेली गाडी चढणीवर दम तोडते आणि दोष मात्र इंजिनाला दिला जातो. शिवाय या जातीच्या पेटीतून मागे जाणारा शाफ्ट मध्यभागी नसून एका बाजूला असतो. मध्यभागी शाफ्ट असलेली दुसऱ्या जातीची पेटी आणली, तर मागचा अख्खा अ‍ॅक्सल बदलण्याची पाळी येते.

कुर्ल्याच्या किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात पेटी निवडताना जाणता मिस्त्री बाहेरच्या चंदेरी रंगाकडे बघत नाही. तो रंग बहुधा आदल्या आठवड्यात दिलेला असतो. तो मागचे झाकण उघडून तेलात बोट घालतो आणि धातूचा चुरा लागतो का ते पाहतो. दाते कडेला झिजलेले आहेत की तुटलेले, हे तपासतो. शाफ्ट ज्या भोकात बसतो ते भोक लांबट झाले असेल, तर ती पेटी तो सरळ बाजूला ठेवतो, कारण कितीही नवे बेअरिंग घातले तरी ती तेल गळणार आणि ओरडणार. जुनी पेटी उतरवताना गिअरपेटीचा मुख्य शाफ्ट मागे सरकून आतली मांडणी विस्कटू नये, म्हणून तो शाफ्ट तारेने जखडून ठेवावा लागतो. नवे सील, नवे वायसर, सुईसारखी बारीक बेअरिंगे, आणि शेवटी मागच्या शाफ्टची ढिलाई पातळ पत्र्याच्या चकत्या घालून इंचाच्या काही सहस्रांशांपर्यंत आणणे, हे सर्व तो हाताच्या अंदाजाने व कानाने करतो. हातब्रेकचा ड्रमही याच पेटीच्या पाठीवर असतो. त्यामुळे तेलगळती फार झाली तर उतारावर उभी केलेली गाडी घरंगळू शकते, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. ते त्याने पाहिलेले असते.

आता या कामाचे मूल्य कसे मोजायचे? भंगारवाल्याच्या काट्यावर ट्रान्सफर केस म्हणजे काही किलो बीड आणि पोलाद. मिस्त्रीच्या टेबलावर ती एका संपूर्ण वाहनाची कामाची वर्षे आहे. भट्टीत टाकल्याबरोबर तिच्यातले धातूकाम, दाते कापणाऱ्या कामगाराचे श्रम, कठीणीकरणासाठी जाळलेले इंधन हे सारे शून्य होते आणि फक्त धातू उरतो. कंपनीच्या खातेवहीत घसाऱ्याने वाहनाची किंमत कधीच संपलेली असते. पण वस्तूची उपयुक्तता खातेवहीच्या नियमांनी संपत नाही. ज्या देशात भांडवल दुर्मीळ आणि कुशल हात मुबलक, तेथे तयार भाग वितळवून नवा बनवणे हे उलट्या दिशेचे अर्थशास्त्र आहे. लोहियांनी १९५२ मध्ये पचमढीच्या अधिवेशनात लहान यंत्रांचा आग्रह धरला तो याच वस्तुस्थितीच्या आधारे. जीप काही लहान यंत्रांच्या अर्थव्यवस्थेतून आलेली नाही, पण तिला जिवंत ठेवणारी व्यवस्था निःसंशय त्या जातीची आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये वाहन मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले. जुने वाहन नोंदणीकृत केंद्रात जमा करणाऱ्याला नव्या वाहनाच्या किंमतीच्या सुमारे ४ ते ६ टक्के इतके भंगारमूल्य मिळावे आणि नव्या खाजगी वाहनाच्या रस्ताकरात २५ टक्क्यांपर्यंत सवलत द्यावी, असे त्यात सुचवले आहे. दुसऱ्या बाजूने १५ वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आले. सवलत कोणाला, तर नवी गाडी घेऊ शकणाऱ्याला. दंड कोणाला, तर ज्याला ती परवडत नाही त्याला. पर्यावरणाच्या नावाने आलेल्या या धोरणाचा हा वर्गीय आशय फारसा चर्चिला गेला नाही.

धुराचा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. जुने इंजिन काळा धूर ओकत असेल, तर ते रस्त्यावरून गेलेच पाहिजे. गरिबाची गाडी म्हणून गरिबांच्याच मुलांच्या फुप्फुसांवर तिचा भार टाकता येत नाही. पण ट्रान्सफर केस धूर सोडत नाही. इंजिन नापास झाले म्हणून तिलाही भट्टीत घालणे ही निव्वळ आळशी प्रशासनाची सोय आहे. दुसरा आक्षेप चोरीच्या मालाचा. तोही खरा, परंतु जुन्या भागांचा व्यापार अंधारात ढकलल्यावर त्यात चोर शिरणारच. तिसरा आक्षेप कायद्याचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनात मनमानी बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही बंदी पुन्हा ठळक केली. मात्र त्याच कलमात ‘बदल’ म्हणजे वाहनाचे मूळ वैशिष्ट्य पालटणारा रचनेतील बदल, असे स्पष्टीकरण आहे. निकामी पेटीच्या जागी त्याच जातीची पेटी बसवणे ही दुरुस्ती होय. हे साधे भान तपासणी नाक्यावर असते का, हा प्रश्न जीप चालवणाऱ्यांना विचारावा.

सुटे भाग मिळत नाहीत याचे कारण केवळ काळाचा महिमा नव्हे. स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग व दुरुस्तीची माहिती नाकारल्याबद्दल. २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत दंड कमी केला, पण मूळ निष्कर्ष फेटाळला नाही. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. वाहने तिच्या चार क्षेत्रांपैकी एक होती. डिसेंबरात एक संकेतस्थळही निघाले. तारेने शाफ्ट जखडणाऱ्या मिस्त्रीला त्याचा उपयोग किती, हे त्यालाच ठाऊक.

यापेक्षा अधिक काही करता येते, हे फ्रान्सने दाखवले आहे. तेथे १ जानेवारी २०१७ पासून गॅरेजवाल्याने ठरावीक वर्गांतील भागांसाठी नव्याऐवजी वापरलेला भाग घेण्याचा पर्याय गिऱ्हाइकापुढे ठेवलाच पाहिजे, असा नियम आहे. ब्रेक, सुकाणू यांसारख्या सुरक्षिततेशी निगडित भागांवर त्यात मर्यादा आहेत. भांडवलशाही फ्रान्स हे कायद्याने करू शकतो, आणि जेथे ही कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली तो देश मात्र तिला गुन्हेगारीच्या शेजारी बसवतो.

एक गोष्ट मात्र स्वतःशीच कबूल केली पाहिजे. शहरातल्या हौशी मंडळींना अलीकडे जुन्या जीपचे वेड लागले आहे. रविवारी चिखलात खेळण्यासाठी ते वाटेल ती किंमत मोजतात आणि हरियाणातील मंडी डबवालीसारख्या ठिकाणांहून सजवलेल्या जीप मागवतात. मिस्त्र्यांना त्यातून काम मिळते, हे चांगलेच. पण चांगली पेटी शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर जाते, आणि ‘जुनी वाहने वाचवा’ हा आवाज याच वर्गाचा सर्वांत मोठा असल्याने संपूर्ण प्रश्न श्रीमंतांच्या छंदाचा वाटू लागतो. कार्यकर्त्यांनी या गोंगाटापासून आपली मागणी वेगळी ठेवावी.

ती मागणी अशी असावी. मोडीत आलेल्या प्रत्येक वाहनातील वापरण्याजोगे भाग केंद्राने आधी उतरवावेत, त्यावर मूळ वाहनाचा क्रमांक नोंदवून पावतीसह विकावेत आणि मगच उरलेले भट्टीकडे जावे. बंद केलेल्या मॉडेलांचे आराखडे व भागांचे क्रमांक कंपन्यांनी खुले करावेत. तालुक्यातील मिस्त्र्यांनी १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली एकत्र यावे आणि अशा भागांच्या खरेदीत त्यांच्या संस्थांना पहिला हक्क मिळावा. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी रद्द करून ती नोंदणीकृत केंद्रांकडेच पाठवणे बंधनकारक झाले आहे. पूर्वी पंचायत समितीच्या आवारात होणारा जुन्या जीपचा जाहीर लिलाव त्यामुळे बंद झाला, आणि तेथे बोली लावणारा शेतकरी व त्याच्यासोबत बोनेट उघडून बघणारा मिस्त्री या दोघांना आता केंद्राच्या फाटकाबाहेरच थांबावे लागते. कोणत्या जिल्हा परिषदेच्या किती जीपगाड्या अशा गेल्या आणि त्यांतले किती भाग शाबूत होते, हा प्रश्न माहितीच्या अधिकाराखाली प्रत्येक तालुक्यातून विचारायला दहा रुपयांचा अर्ज पुरतो.